फिशटँकला तडा गेलाय: दुरुस्त करू की नवा घेऊ?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका निवृत्त काकांनी विचारलंय. घरी ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच फिशटँक आहे, अकरा वर्षं जुना. मागच्या काचेला उजव्या कोपऱ्यात खालून वर वीतभर तडा गेलाय, पण गळती अजून नाही. आत दोन मोठे ऑस्कर मासे. दुकानदाराने सांगितलेले आकडे असे: वरून सिलिकॉन लावून १,२०० रुपये, मागची काच बदलून ८,५०० आणि नवा टँक ३२,०००, तोही सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. पेन्शन ३८,००० रुपये, अडीअडचणीला २ लाखांची एफडी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.

काका, पैशांचं नंतर बघू, आधी आजच्या आज टँकमधलं पाणी निम्म्यावर आणा. भरलेल्या टँकमध्ये तुमच्या मागच्या काचेवर सव्वादोनशे किलोंच्या वर रेटा असतो. पाण्याची उंची निम्मी केली की तो पाव होतो. जमेल तितक्या लवकर मासे फिल्टरसकट प्लॅस्टिकच्या मोठ्या टाकीत हलवा, कारण तडा खालूनच सुरू झालाय.

१,२०० रुपयांचा पर्याय सोडून द्या. सिलिकॉन दोन काचा कडेला जोडतं, पण तडकलेल्या काचेला ताकद देत नाही. तडा पुढे सरकला तर साडेपाचशे लिटर पाणी तुमच्या दिवाणखान्यात आणि तिथून खालच्यांच्या छतावर. त्यांचं पीओपी, पंखे, फर्निचर भरून देण्याची वेळ आली तर तुमची एफडीच मोडेल. घराचा विमा असला तरी त्यावर विसंबू नका. माहीत असलेला तडा तसाच ठेवला म्हटल्यावर दावा अडू शकतो, आणि शेजाऱ्यांचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा येतच नाही.

नुसती मागची काच बदलणंही मला पटत नाही. बाकीचे जोड अकरा वर्षांचेच राहणार, आणि जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. ८,५०० घालून पुढच्या वर्षी दुसरा कोपरा पाझरू लागला तर?

नव्या टँकचे ३२,००० ईएमआयवर नकोच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी किमतीत मुरलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजावर १८ टक्के जीएसटी.

मला चौथा पर्याय बरा वाटतो. तडा एका टोकाला आहे. काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नसेल (टफन्ड कापता येत नाही) तर सगळा टँक सुटा करून पुढची, मागची आणि तळाची काच एकेक फूट कमी करून घ्या. तड्याचा भाग त्या फुटात निघून जातो, बाजूच्या काचा तशाच राहतात, सगळे जोड नवे होतात. ४ फुटांत साडेचारशे लिटर पाणी मावतं, दोन ऑस्करना तेवढं पुरतं. सिलिकॉन मत्स्यालयाचंच हवं, बाथरूमचं बुरशीरोधक माशांना घातक असतं. ते आठवडाभर सुकू द्या. आणि तडा का गेला ते नक्की बघा: स्टँडवर लेव्हल लावा, खाली थर्माकोल आहे का तपासा. स्टँड वाकडं असेल तर नवी काचही तडकेल.

एक खर्च कोणी धरत नाही, तो विजेचा. ३०० वॅटचा हीटर थंडीत दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ९० युनिट होतात. ४० वॅटचा फिल्टर अखंड चालतो, त्याचे २९. घराचा वापर १५० युनिटच्या आत असेल आणि मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेची वीजबिलातली सवलत मिळत असेल, तर डिसेंबर-जानेवारीत वापर त्यावर जाऊन ती हातची जाऊ शकते. मागच्या थंडीतली बिलं काढून बघा.

ऑस्कर दहा-बारा वर्षं सहज जगतात, त्यामुळे हा खर्च एकदाचा नाही. त्यांची काळजी घ्यायची तुमची इच्छा पत्रात ओळीओळीत दिसते, म्हणून टँक काढून टाका असं मी म्हणणार नाही. मात्र एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. काच कापणाऱ्याकडून आणि टँक बनवणाऱ्याकडून वेगवेगळा भाव घ्या. १२,००० च्या आत बसलं तर दोन महिन्यांच्या पेन्शनमधून करून टाका. त्याहून वर गेलं तर काम थांबवून मला आकडा कळवा. मासे तोवर प्लॅस्टिकच्या टाकीत नीट राहतील, फक्त पाणी दर आठवड्याला पाव भाग बदला.