पाटोद्याकडच्या बालाघाटातला बारमाही ओढा : पाणी थेट प्यावं का?

नाही, दिसायला कितीही नितळ असलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. मांजरा आणि बिंदुसरा या नद्या ज्या बालाघाटात उगम पावतात, तिथला डोंगर बेसाल्टच्या थरांचा. पाऊस मुरूम आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकातून झिरपतो, खाली अभंग काळा पाषाण लागला की आडवा सरकून डोंगरउतारावर झऱ्यासारखा बाहेर पडतो. म्हणून तुमचा ओढा मे महिन्यातही वाहतो. खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आल्यामुळे पाणी जड असतं: डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. तो त्रासदायक, पण धोका त्यात नाही. धोका आहे वरच्या शेताचा, गोठ्याचा आणि उघड्यावर बसण्याचा. खडकाच्या भेगा पाणी गाळत नाहीत, जसंच्या तसं सोडतात. झऱ्याच्या तोंडाशी पाणी त्यातल्या त्यात बरं, खाली जनावरं उतरतात तिथलं नकोच. पाणी तपासणीच्या कामात मी पाहतो, पहिल्या मोठ्या पावसानंतर जंतूंच्या चाचणीची बाटली हमखास काळी पडते, म्हणजे पाणी दूषित. मात्र उकळून जंतू मरतात, खतांतून उतरणारं नायट्रेट जात नाही. वर खतं पडत असतील तर नमुना प्रयोगशाळेत द्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.