सिलिका नॅनोकणांवरचा लिपिड द्विस्तर सलग आहे हे कसे ठरवावे?

आपला प्रश्न असा आहे की, फ्लुओरेसीन हा चमकणारा रंजक भरलेल्या १०० नॅनोमीटर व्यासाच्या सिलिका कणांत डीओपीसी या लिपिडच्या पुटिका (लिपिड पटलाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या) मिसळल्या, धुतल्यानंतरही लिपिडला जोडलेला ऱ्होडामीन हा दुसरा रंजक कणांसोबतच राहिला आणि कणांचा सरासरी व्यास सुमारे १० नॅनोमीटरने वाढला, तर कणांवर द्विस्तर (लिपिड रेणूंच्या दोन थरांचे पटल) तयार झाला असे म्हणता येईल का? माझ्या मते अजून नाही. दोन्ही रंग एकत्र दिसतात, यावरून लिपिड कणापाशी आहे एवढेच कळते. काही कणांवर न फुटलेल्या पुटिका चिकटल्या असतील आणि बाकीचे कण उघडेच असतील, तरीही सरासरी तेवढीच वाढू शकते.

आधी लिपिड पुरेसे होते का, ते पाहा. डीओपीसीच्या एका रेणूला सुमारे ०.७ चौरस नॅनोमीटर जागा लागते. कण आणि द्विस्तर यांच्यामध्ये पाण्याचा १ नॅनोमीटरचा थर आणि द्विस्तराची जाडी ४ नॅनोमीटर धरली, तर एका कणाला जवळपास एक लाख रेणू, म्हणजेच १ मिलिग्रॅम सिलिकाला साधारण ०.१२ मिलिग्रॅम लिपिड लागते. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट घ्यावे आणि कण पुटिकांमध्ये ओतावेत, पुटिका कणांमध्ये नव्हेत. सुरुवातीला मी उलट क्रमाने करत असे. तेव्हा नळीच्या तळाशी कापसासारखा गाळ बसायचा आणि कितीही हलवले तरी तो सुटायचा नाही, कारण लिपिड अपुरे असताना एकच पुटिका दोन कणांना चिकटून त्यांना बांधून टाकते.

आता मुख्य कसोटीकडे येतो. फ्लुओरेसीनकडून ऱ्होडामीनकडे होणारे ऊर्जा-हस्तांतरण (ज्यामुळे फ्लुओरेसीनचा प्रकाश मंदावतो) अंतराच्या सहाव्या घातानुसार घटते आणि ५-६ नॅनोमीटर अंतरावर ते निम्म्यावर आलेले असते. म्हणून रंजक कणभर पसरलेला असेल, तर गाभ्यातल्या रेणूंना लिपिडचा पत्ताही लागत नाही आणि त्यांचा प्रकाश खरा बदल झाकून टाकतो. श्टोबर पद्धतीने (द्रावणात सिलिका कण वाढवण्याच्या पद्धतीने) रंजकाविना गाभा वाढवून फक्त शेवटच्या पातळ कवचात अमिनोसिलेन या जोडरेणूच्या साहाय्याने रंजक बांधला, तर तोच कण संवेदक होतो. द्विस्तर पृष्ठभागावर पसरला की फ्लुओरेसीन स्पष्टपणे मंदावते. पुटिका न फुटता नुसती चिकटली, तर तिच्या पटलाचा थोडाच भाग पृष्ठभागाजवळ येतो आणि परिणाम क्षीण राहतो. शेवटी ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून द्विस्तर विरघळवावा. फ्लुओरेसीनचा प्रकाश परत आला नाही, तर आधीची घट दुसऱ्याच कारणाने झालेली असते, बहुधा सामू बदलल्यामुळे, कारण फ्लुओरेसीन सामूला फार संवेदनशील आहे.

मात्र द्विस्तरातली भोके या कसोटीत दिसत नाहीत. त्यासाठी लिपिडच्या शीर्षभागाला एनबीडी हा चमकणारा रंजक जोडून डायथायोनाइट हे क्षपणक घालावे. ते बाहेरच्या स्तरातले एनबीडी विझवते, पण सलग पटल सहजी ओलांडत नाही. वरच्याच मापांनुसार १०० नॅनोमीटरच्या कणावर बाहेरच्या स्तरात सुमारे ५४ टक्के लिपिड असते, म्हणून प्रकाश निम्म्याहून थोडा जास्त उतरून स्थिरावला पाहिजे. तो उतरतच राहिला तर पटल फाटलेले आहे. न फुटलेल्या पुटिकाही जवळपास हेच चित्र देतात, म्हणून ही कसोटी पहिलीच्या जोडीनेच वाचावी आणि सुट्या पुटिका सेंट्रिफ्यूज करून नीट धुऊन काढाव्यात. एनबीडी आणि फ्लुओरेसीन यांचे वर्णपट एकमेकांवर येतात, त्यामुळे हा प्रयोग रंजकविरहित कणांवर स्वतंत्रपणे करावा.

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर कणाभोवतीच्या दोन काळ्या रेषा थेट पाहता येतात. साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना वाळवू नये. वाळताना द्विस्तर टिकत नाही, आणि त्या चित्रात जे दिसते ते वाळवण्यानेच घडलेले असते.