जुन्या काचेच्या हंड्या आणि दिव्यांच्या चिमण्या हलवताना

काच नुसत्या धक्क्यानेच नाही, काचेवर काच आपटून-घासूनही फुटते. म्हणून प्रत्येक नग वेगळा गुंडाळायचा, यात तडजोड नाही.

आधी धुऊन पूर्ण कोरडी करा. पहिला थर धुतलेल्या मलमलचा किंवा कोऱ्या पातळ कागदाचा. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. बबल रॅपही सोनेरी नक्षीवर थेट नको, फुगे वर ठसे सोडतात. चिमणीच्या आत कागदाचे बोळे सैल भरा. घट्ट कोंबलेत तर काठ आतूनच तडकतो. चिकटपट्टी फक्त गुंडाळीवर, काचेला लागता कामा नये.

चिमण्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या की भार मधल्या फुगीर भागावर येतो. अत्तरदाणीचं बूच काढून वेगळं बांधा, दोन्हींवर एकच नंबर. झुंबराचे लोलक उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. नाहीतर जोडणीत दोन दिवस जातात.

खोक्यात तळाशी आणि चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर गादी हवी. बंद करून हलकेच हलवा: आवाज आला तर पुन्हा उघडा. भरलेलं खोकं दहा किलोच्या आत ठेवा, जड खोकं माणूस उचलत नाही, आपटतो. ('नाजूक' लिहून हमालावर फार विसंबू नये.)

गाडीत मागच्या चाकांवर नको, पुढच्या सीटच्या पायाशी. थंड गाडीतून आणलेली खोकी दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग उघडा.