पहिले दोन टप्पेच मोठे : आळंदी ते सासवडच्या वाटचालीविषयी वाचकांचे प्रश्न

माउलींच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच पायी निघणाऱ्यांची पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचे प्रश्न पहिल्या चार-पाच दिवसांचेच आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालते. यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जायचं ठरवलंय. पहिले काही दिवस बेताने चालून मग हळूहळू अंतर वाढवावं, असं मनात आहे. जमेल का?

उत्तर : ताई, पंढरपूर जमेल, पण हा बेत जमणार नाही. वारीत अंतर तुम्ही ठरवत नाही, मुक्काम ठरवतो. आणि संपूर्ण वाटेवरचे सगळ्यांत लांब दोन टप्पे अगदी सुरुवातीलाच आहेत. आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर आणि पुणे ते सासवड सुमारे ३२. पुढे जेजुरी १६, वाल्हे १२, लोणंद २०, तरडगाव तर अवघं ८. एकूण वाट सुमारे २५० किलोमीटरची. तिचा जवळजवळ चौथा हिस्सा सासवडला पोहोचेपर्यंत संपतो. म्हणून जी काही तयारी करायची ती निघण्याआधी, घरीच.

त्यासाठी आठ आठवडे हातात ठेवा. आठवड्यातले तीन दिवस सहा-सहा किलोमीटर आणि एक दिवस लांब चाल. ही लांब चाल ८ पासून सुरू करून दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरने वाढवत २० पर्यंत न्या. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात लांब चालीच्या दुसऱ्या दिवशीही दहा-बारा किलोमीटर चाला, कारण दुखऱ्या पायांनी चालणं हे वेगळंच काम आहे. शेवटचा आठवडा हलका ठेवा. ३२ किलोमीटर एकदा चालून बघण्याचा हट्ट नको. २० झाल्यावर दुसऱ्या दिवशी नीट उठता-बसता आलं, तर उरलेलं अंतर दिंडी चालवून घेते. आणि सराव डांबरी रस्त्यावर करा. बागेतल्या मातीवर वीस किलोमीटर चाललेली टाच डांबरावर बारातच बोलू लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. एकटं चालताना तुम्ही तासाला पाच किलोमीटर जात असाल. दिंडीत तो वेग तीनवर येतो, शिवाय दर थोड्या वेळाने पुढचे थांबले की थांबायचं. सकाळी सहाच्या सुमारास आळंदी सोडलेली पालखी दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी करत पुण्यात शिरते आणि भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात पोहोचेपर्यंत रात्र होते. पाय चालण्याने थकतात त्याहून जास्त या उभं राहण्याने थकतात. कंबर आणि टाचा आधी जातात. लांब चालीनंतर लगेच खाली न बसता पंधरा-वीस मिनिटं उभं राहायची सवय करा. वाटेत मात्र उलट करा. विसावा मिळाला की लगेच बसा, पायातलं काढा आणि पाय पिशवीवर उंच ठेवा.

पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. मधला दिवस विश्रांतीचा म्हणतात, पण नवखे लोक तो दर्शनाच्या रांगेत आणि पेठांमध्ये फिरण्यात घालवतात. तेही दहा किलोमीटर होतातच. त्या दिवशी कपडे धुवा, झोपा, पाय तपासा.

खरी परीक्षा सासवडच्या दिवशी. हडपसरला तुकोबांची पालखी वेगळी होऊन सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची वडकी नाल्याकडे. तिथे दुपारचा विसावा आणि मग दिवे घाटाचा सुमारे चार किलोमीटरचा चढ, म्हणजे निम्म्याहून अधिक अंतर पायाखालून गेल्यावर आणि तेही जेवून जड झालेल्या पोटाने (एकादशी असेल तर रिकाम्या पोटाने, त्याविषयी पुढे). रथालाही इथे जादा बैलजोड्या लावतात. पुण्याहून फक्त घाट चढायला आलेल्यांची गर्दी त्याच दिवशी असते. पावलं आखूड टाका, ओळ सोडून पुढे घुसू नका आणि फोटोसाठी दरडीवर चढू नका. पावसात ती माती सुटते. घाट संपला की दिवस संपला असं वाटतं आणि इथेच लोक कोलमडतात. झेंडेवाडीहून सासवड गर्दीच्या चालीने आणखी तीन तासांवर असतं. अर्धा लिटर पाणी आणि मूठभर खाणं त्या टप्प्यासाठी राखून ठेवा. सासवडलाही दोन रात्री मिळतात. तिथे अंग सावरलं की पुढची वाट सोपी जाते.

प्रश्न : वारीसाठी नवे, भारी बूट घेतले आहेत. काका म्हणतात चपलाच बऱ्या. कुणाचं ऐकू?

उत्तर : जे पायताण तुमच्या पायाला किमान ऐंशी-शंभर किलोमीटर ओळखतं, त्याचं ऐका. नवे बूट प्रस्थानाच्या दिवशी पहिल्यांदा घालणं ही हमखास फोड आणणारी चूक. दिवसभराच्या चालीने पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत ते याचसाठी. काकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ज्येष्ठ-आषाढातला पाऊस बुटात शिरला की मोजा दिवसभर ओला राहतो, कातडी पांढरी, मऊ पडते आणि मग सोलते. मागे पट्टा असलेले सँडल लवकर वाळतात, पण त्यात खडी शिरते. जमत असेल तर एक पायात, एक दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये. बूटच घालणार असाल तर सुती मोजे टाळा आणि दुपारच्या विसाव्याला मोजे बदला.

सकाळी टाचा, बोटांच्या फटी आणि दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली चोळा. मांड्या सोलल्यामुळे घरी परतलेले लोक फोडांमुळे परतलेल्यांपेक्षा कमी नसतात, फक्त ते कुणी बोलत नाही. टाचेला चुणचुण सुरू झाली की तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा. पुढच्या विसाव्यापर्यंत थांबलात तर फोड आलेला असतो. लहान फोड तसाच झाकून ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र काढू नका. तीच पट्टीचं काम करते. मधुमेह असलेल्यांनी हा उद्योग स्वतः करू नये, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जावं.

प्रश्न : दिंडीवाले म्हणाले, सामान ट्रकमध्ये टाका आणि हात हलवत चला. खरंच इतकं सोपं असतं?

उत्तर : भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, राहुटी आणि सामानाचा ट्रक यांची सोय दिंडी करते, हे खरं. पण ट्रक वेगळ्या वेळी, कधी वेगळ्या रस्त्याने तळावर जातो. सकाळी आत टाकलेली वळकटी रात्रीच हाताला लागते, आणि पुण्यात तर दिंडी एका शाळेत आणि ट्रक दोन गल्ल्या पलीकडे असंही होतं. तेव्हा रोजची औषधं, पावसाचं प्लास्टिक, कपड्यांचा एक कोरडा जोड, पट्ट्या आणि एक लिटर पाणी खांद्यावर हवं. पाण्यासकट चार किलोच्या वर जाऊ देऊ नका. ट्रकमधल्या पिशवीला कुलूप लावा, आतलं सगळं जाड प्लास्टिकमध्ये बांधा आणि बाहेर न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव आणि दिंडी क्रमांक लिहा. ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही लिहायला हवं, कारण क्रमांक दोन्हीकडे एकापासून सुरू होतात.

भिशी भरताना दोन गोष्टी विचारून घ्या : पुण्यात आणि सासवडात उतरायची जागा नेमकी कोणती, आणि बायकांची राहुटी वेगळी आहे का.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एकादशी मोडणार नाहीत म्हणतात. काय करावं?

उत्तर : अडचण खरी आहे. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि चाल दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू, त्यामुळे पुणे–सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा आणि घाट बहुधा वद्य एकादशीलाच येतो. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी ३२ किलोमीटर चाललं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्या दिवशी गोळीचं प्रमाण आणि वेळ काय ठेवायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. वाटेत कुणाच्या सल्ल्याने गोळी बंद करू नका. फराळ दर दोन-अडीच तासांनी थोडा थोडा हवा : शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, रताळं. नुसत्या साबुदाण्याने साखर झटकन चढते आणि तशीच उतरते. घाम, थरथर, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच बसवा आणि तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. साखरेची पुडी वडिलांच्या खिशात आणि सोबत चालणाऱ्याच्याही खिशात असावी. बोलताना गोंधळलेला माणूस स्वतःची पुडी शोधू शकत नाही.

बिगर-मधुमेही वाचकांसाठी एवढंच : पहिल्या दोन दिवसांत वाटेवर चहा, केळी, खिचडी, बिस्किटं इतकी पुढे येतात की नको म्हणणं जड जातं. पोट बिघडतं ते इथे. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. अर्ध्या पेल्यात कालवून पिऊ नका, त्याने उलटी होते.

प्रश्न : रजा कोणत्या तारखेपासून टाकू?

उत्तर : तारीख तिथीवर जाते. आळंदीचं प्रस्थान २०२३ ला ११ जूनला, २०२४ ला २९ जूनला आणि २०२५ ला १९ जूनला झालं. आषाढाच्या आधी अधिक महिना आला तर वारी जुलैत सरकते. वेळापत्रक जाहीर झालं की प्रस्थानाच्या आदल्या दिवसापासून रजा टाका, कारण प्रस्थानाला आळंदीचे रस्ते वाहनांना बंद होतात. ‘सकाळी निघून पोहोचू’ म्हणणारे शेवटचे काही किलोमीटर सामान डोक्यावर घेऊन चालतात.

प्रश्न : गर्दीत चुकलो तर?

उत्तर : फोनवर भिस्त ठेवू नका, लाखो माणसं एका रस्त्यावर असली की तो लागत नाही. कागदावर दिंडी क्रमांक, दिंडीप्रमुखांचा आणि घरचा नंबर लिहून कापडी पिशवीत गळ्यात अडकवा. चुकलात तर माणसं शोधत मागे-पुढे पळू नका. बाजूला उभं राहून जाणाऱ्या दिंडीचा क्रमांक विचारा. क्रम ठरलेला असल्याने आपली पुढे गेली की मागे आहे हे लगेच कळतं. दुसऱ्या दिंडीच्या ओळी आणि विणेकरी यांच्यामधून मात्र आडवं जाऊ नका. हरवलेल्या वस्तूंसाठी तळावरची समाजआरती, म्हणजे पालखी मुक्कामी पोहोचल्यावरची सामूहिक आरती, गाठा. पालखीची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी चोप (हातातला दंड) उंचावला की सगळे टाळ थांबतात आणि सापडलेल्या वस्तू तिथे पुकारल्या जातात.

प्रश्न : आम्हाला चारच दिवस मिळतात. सासवडहून रेल्वेने परतता येईल का?

उत्तर : नाही. पुणे–मिरज मार्गावर ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन आहे खरं, पण ते घाटाखाली, हडपसर-फुरसुंगीच्या बाजूला. याच मार्गावरचं ‘आळंदी’ स्टेशनही म्हातोबाच्या आळंदीजवळचं, ज्ञानदेवांच्या नव्हे. तिथे उतरून पालखी शोधू नये. सासवडहून परतायला बसच. पालखी चढत असताना दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि वाहतूक बोपदेव घाटाने वळवतात, म्हणून त्या रात्री परतायचा बेत ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. आणखी एक दिवस काढता आला तर जेजुरीपर्यंत चाला. तिथे स्टेशन आहे.