स्पेस काढ, मग बोलू

नाशिक

अनेक आशीर्वाद.

परवा कॉलेज रोडवर चहा निवेपर्यंत तू मला तुझ्या कॅल्क्युलेटर प्रोग्रामच्या चाळीस टेस्ट दाखवल्यास. सगळ्या पास. आणि मैत्रिणीने १२-३ टाकल्यावर उत्तर आलं -३६! तुझा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून लिहितोय.

चाळीसही टेस्टमध्ये तू चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस दिली आहेस. टोकन, म्हणजे आकडे-चिन्हांचे सुटे तुकडे, तूच तोडून दिलेस, मग ते तोडणाऱ्या टोकनायझरची परीक्षा कसली? स्पेस काढ. टोकनायझर -३ हा अख्खा आकडा म्हणून उचलतो. तुकड्यांचा अर्थ लावणाऱ्या पार्सरला १२ आणि -३ शेजारी दिसतात, आणि २(३) चालावं म्हणून तू ठेवलेला छुपा गुणाकार तिथे लागू होतो. मायनस कायम सुटं टोकन म्हणून दे. वजाबाकी की ऋण, ते पार्सर बघेल.

मला हे कळतं, कारण सातपूरच्या एका वर्कशॉपला मी असाच प्रोग्राम, याच चुकीसकट, करून दिला होता. चूक सापडली तेव्हा कोड दुरुस्त करायचा सोडून मॉनिटरवर चिठ्ठी डकवली: ‘चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी.’ स्टोअरमधले काका इमानाने स्पेसबार दाबत राहिले. एकदा विसरले, माप चुकलं, बोलणी त्यांनी खाल्ली. मी गप्प. एकटा होतो, काम उद्यावर आलं होतं... चिठ्ठी तेवढी वाईट नव्हती, असं अजूनही अधूनमधून वाटतं. असो.

इनपुट निवडताना डोकं चालव. ०-० काय कामाचं? तिथे गुणाकार झाला तरी उत्तर शून्यच. त्यापेक्षा टोकनांची यादीच छाप. नुसता ७ दे. पुढचं चिन्ह येईपर्यंत आकडा धरून बसणारा टोकनायझर तो गिळतो. १२--३ दे. घातांकाच्या ‘ई’ला चिकटलेलं मायनस दे, १e-३सारखं. सी भाषेत दोन चलांमध्ये सलग तीन अधिक (+++) लिहिले तर आधी दोनांची जोडी उचलली जाते आणि निभावतं. पाच लिहिले की कंपायलर अडतो. चिकटवल्याशिवाय हे दिसत नाही, किती वेळा सांगू?

आणि हो, मराठी अंकही टाक. पायथॉन ‘५’ला अंक मानतो, त्याचा आकडाही करून देतो. पण वर्गाचा, वर बसणारा छोटा २ अंक आहे का ते बघणाऱ्या ‘इझडिजिट’मधून सुटतो आणि आकडा करून देणाऱ्या ‘इंट’मध्ये आपटतो.

रविवारी यादी छापून आण. एका जरी इनपुटमध्ये उगाच स्पेस दिसली, तर मिसळीचे पैसे तुझे.