इयर सेव्हनसाठी कमी चुरशीची शाळा बघताना

इयर सेव्हन म्हणजे अकराव्या वर्षी सुरू होणारा माध्यमिक शाळेचा पहिला वर्ग. इंग्लंडमधल्या खासगी शाळेची प्रवेश परीक्षा सोपी, म्हणजे शाळा सुमार, हे आधी डोक्यातून काढा. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या, ९ ते ७ या वरच्या ग्रेडची टक्केवारी बाजूला ठेवा. पारखून घेतलेली मुलं ती आणतातच. प्रवेशाच्या वेळची बेसलाइन, म्हणजे मुलाची तेव्हाची पातळी, आणि शेवटचा निकाल यातला फरक, म्हणजे 'व्हॅल्यू ॲडेड', विचारा. शाळा का-कू करत असेल तर समजून जा.

ओपन डेला, म्हणजे पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी, सगळंच चकाचक असतं. साध्या मंगळवारी वेळ मागा आणि खालच्या सेटमधली, म्हणजे त्या विषयात मागे असलेल्या मुलांच्या गटातली, गणिताची वही उघडा. शिक्षकांच्या शेऱ्याखाली मुलानं दुरुस्ती केलेली दिसते का? नुसते टिकमार्क असतील तर वर्गात मुलं कमी असण्याचा फायदा काय? खालचा सेट कोण शिकवतं, वरच्या सेटमध्ये जायची संधी कधी मिळते, तेही विचारा.

फीचा आकडा २० टक्के व्हॅट धरून आहे का, ते बघा. जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. लर्निंग सपोर्टचं, म्हणजे अभ्यासात जादा मदतीचं, बिल बऱ्याचदा वेगळं येतं. शाळा सोडताना सहसा पूर्ण टर्मची लेखी नोटीस लागते, नाहीतर तेवढी फी भरावी लागते.

शाळा धर्मादाय असेल तर चॅरिटी कमिशनच्या साइटवर हिशेब सापडतात. छोट्या शाळेचा पट आणि शिल्लक दोन्ही वर्षानुवर्षं घसरत असतील, तर डिपॉझिट भरू नका.