मानसशास्त्रानंतर पर्यावरण की तंत्रज्ञान?

प्रश्न : मानसशास्त्रात पदवी घेतली आहे. पुढे पर्यावरण मानसशास्त्र (भोवतालचा परिसर आणि माणसाचं मन यांच्यातलं नातं) घ्यावं की माणूस आणि तंत्रज्ञान यांच्यातल्या नात्याचा अभ्यास करावा? दोन्ही खुणावतात.

उत्तर : दोन्हींना एकत्र धरून ठेवा, मनापासून सांगते. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. मग खिडकीऐवजी टीव्हीसारखा मोठा डिजिटल पडदा लावून बाहेरचं दृश्य दाखवलं तर? मानसशास्त्रज्ञ पीटर कान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला खऱ्या खिडकीने मदत केली. पडदा मात्र कोऱ्या भिंतीपेक्षा सरस ठरला नाही. तुमचे दोन्ही विषय इथे एकाच खोलीत बसलेले आहेत!

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठात मानव-तंत्रज्ञान आंतरक्रियेचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे. इंग्लंडमधलं सरे विद्यापीठ पर्यावरण मानसशास्त्रासाठी जुनं नाव. मात्र विद्यापीठाच्या नावापेक्षा प्राध्यापकांचे ताजे शोधनिबंध आधी वाचा. मार्गदर्शक कोण, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

संख्याशास्त्र टाळू नका. ‘आर’ (R) ही संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी संगणकीय भाषा शिकायला आजच बसा. आणि अर्जातल्या निवेदनात ‘मला निसर्गाची आवड आहे’ असं लिहिण्यापेक्षा एखादं निरीक्षण मांडा : हालचाल थांबली की आपोआप विझणाऱ्या दिव्यांच्या खोलीत माणसं वाचता वाचता हात का हलवतात, आणि कधी वैतागून उठून जातात.